गोजरभावाशी जवळीक

ती. पारूताईस,

सापगावहून तुझा धाकटा भाऊ अनंता नमस्कार करतो. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला आणि तंबाखू यांपैकी काय थांबलं? आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक पत्राची सुरुवात प्रभूच्या सलामाने करतात, पण तो वाचला की तू पुढचं पत्र वाचतच नाहीस (दाजींनीच सांगितलं), म्हणून साधा नमस्कार. फोन केला असता, पण मी रडकुंडीला आलो की तुला हसू येतं.

ताई, माझं विश्वासात काही खरं नाही. झालं असं, की पास्टरांनी त्या आंधळ्याची गोष्ट सांगितली. येशूने एकदा हात लावला तेव्हा त्याला माणसं चालत्या झाडांसारखी दिसली, पुन्हा लावला तेव्हा नीट दिसली. पास्टर म्हणाले, आपण सगळे अजून पहिल्या हातावरच अडकलोय, शेजारी बसलेला माणूससुद्धा आपल्याला दिसत नाही. मला हे इतकं पटलं की मी मोठ्याने "आमेन" म्हणालो. तिथेच फसलो. पास्टरांनी जवळीक वाढावी म्हणून लगेच प्रत्येकाची जोडी लावली, आणि माझ्या वाट्याला आला गोजर.

गोजर मूळचा खर्डीकडचा, आता आमच्याच आळीत राहतो. मंडळीत डफ वाजवतो (गाणं एकीकडे, डफ एकीकडे) आणि बोलताना समोरच्याचा खांदा धरून ठेवतो. पहिल्याच आठवड्यात त्याला जेवायला बोलावलं. मीनाने कोंबडी केली होती. गोजरने ताटासमोर प्रार्थना धरली ती आमच्या घरापासून निघाली आणि जगातल्या सगळ्या राज्यकर्त्यांना भेटून परत आली, तोवर रश्श्यावर तेल गोठलं. तरी मी गोड बोललो. मग माझीच अक्कल, म्हटलं, भावा, एकमेकांचे दोष प्रेमाने सांगू, आधी तू सांग. त्याने सांगितले. माझा गर्व सांगितला, राग सांगितला, मीनाला चारचौघांत गप्प बसवतो तेही सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "म्हशीचा टाइम झाला रे, तुजं पुढच्या येळेला आयकतो."

पुढच्या रविवारी त्याने भर मंडळीत उभं राहून प्रार्थना केली, "प्रभू, आमच्या अनंताचा राग काढ. तो आतून फार एकला हाय." सगळे आमेन म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज मीनाचा.

तेव्हापासून मी जात नाही. रविवारी मीना जाते, मी ओट्यावर बसतो. गोजर कुंपणाशी थांबून "येतस का रे?" विचारायचा, मी उठून आत जायचो. प्रार्थनेला बसलो तर शब्द येत नाही. डोळे मिटले की अंधार, उघडले तरी तोच. दुकानात गिऱ्हाईक खिळे मागतं, मी बिजागऱ्या देतो. देवाचा दुसरा हात दुसऱ्यांसाठी असावा. सोडून द्यावं झालं, असं मनात आहे. दाजींना सांग, त्यांना बरं वाटेल.

मोठ्यांच्या पाया पडतो, पोरांच्या डोक्यावरून हात फिरव.

तुझा अनंता

ता. क. वरचं सगळं खरं आहे, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. गोजरची बायको बाईजा माहेरी मुरबाडला आली होती, तिथेच कोसळली. तुझ्या घरामागच्या दवाखान्यात आहे, अजून शुद्धीवर नाही. गोजर तिथेच बसून असतो. बाहेरचं खाल्लं की त्याला पित्त उठतं. त्याला नाचणीची भाकरी नेऊन दे, मऊ कर, डावीकडच्या दाढा नाहीत त्याला. माझं नाव सांगू नको.

ता. क. आणखी एक. काल मी स्वतः मुरबाडला आलो होतो. तुझ्याकडे आलो नाही, रागावू नको. दवाखान्याच्या फाटकातून तो दिसला, पायरीवर बसला होता, बाईजाच्या चपला मांडीवर घेऊन. फाटकाची कडी काढली, पुन्हा लावली. मिळाली त्या एसटीने परत फिरलो. ताई, नाव सांगितलंस तरी चालेल. हे पत्र उद्या तिकडे येणाऱ्या पंढरीच्या हाती देतोय, रविवारी मी येतो. तू फाटकापाशी थांब. मला एकट्याला आत जाता येत नाही.