दाजींनी निवडलेली कोंबडी

सोलापूर,
शुक्रवार, दुपार

आदरणीय दाजींना मेहुणा प्रदीपचा सविनय जय भीम.

इकडे आम्ही सगळे (कोंबड्यांसकट) बरे आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो? आक्काची साखर उतरली का, की अजून ती तुमच्या नकळत पेढे खाते? (हे वाक्य तिला वाचून दाखवू नका.) फोन सोडून याला पत्र लिहायचं कुठून सुचलं, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही एकटेच बोलता आणि तुमचं बोलून झालं की ठेवून देता. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढलेल्या माणसाला घंटी मारून निघायची सवय असणारच, त्याचा मला राग नाही. शेजारचा बसू आज तुमच्या मोहोळच्या बाजाराला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र देतो.

विषय त्या कोंबडीचा. गेल्या खेपेला ती आमच्या मोरीत बसलेली तुम्ही पाहिलीत. मुंगसानं पाठीचा लचका तोडलेला, एक पाय लुळा. तुम्ही तिला उचलून हातावर तोललंत आणि निकाल दिलात, "जखमी कोंबडीला बाकीच्या परत घेत न्हाईत, प्रदीप. टोचून मारत्यात. पुढच्या आईतवारी येतो, तवर दाणं घालून ठिवा." घरच्या जावयानं तोंडानं मागितलेलं नाही म्हणायची आमच्याकडे चाल नाही (हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे). विशाखा तर तुमच्याच बाजूची. मोरीत कोंबडी म्हणजे अंघोळीची पंचाईत, त्यात ती अंघोळ करणाऱ्याकडे टक लावून बघते, बायको वैतागणारच. शेवटी आम्हा नवरा-बायकोत ठरलं की रविवारच्या आत बाकीच्या कोंबड्यांनी तिला घेतलं तर ती जगेल, नाही घेतलं तर दाजींच्या ताटात जाईल. आम्ही काही माळकरी नाही, दाजी. रस्सा मलाही आवडतो. पण रोज सकाळी तिच्या पाठीला हळद-तेल लावता लावता माझं मन मऊ पडलं.

मंगळवारी तिला अंगणात सोडली. आमच्याकडची ती उघड्या मानेची थोरली कोंबडी तुम्हाला आठवत असेल, जिला आम्ही मुकादमीण म्हणतो आणि जिच्या धाकानं पोस्टमन फाटकाबाहेरूनच हाक मारतो. ती शांतपणे चालत आली आणि हिच्या पाठीवरच्या पिवळ्या डागावर तिनं चोच हाणली. मग बाकीच्या धावल्या. मी मध्ये पडलो तर दोन चोची माझ्या पोटरीला बसल्या, आणि हिची भरत आलेली जखम पुन्हा वाहायला लागली. दुसऱ्या दिवशी तिला डालग्याखाली झाकून अंगणात ठेवली, म्हटलं निदान बघून बघून ओळख पटेल. मुकादमीण डालग्यावर चढून बसली आणि फटीतून चोच घालत राहिली. हिनं दाणे खायचं सोडलं. मी ऑफिसात बसलो तरी चित्त अंगणात (साहेबांच्या रजेच्या अर्जावर मी 'नामंजूर' लिहून बसलो होतो, तो किस्सा वेगळा). काल संध्याकाळी विशाखानं मसाला वाटायला घेतला. भाजलेल्या खोबऱ्याच्या वासानं मला भूकही लागली आणि रडूही आलं, आणि भूक लागली याची फार लाज वाटली.

आज मी रजाच टाकली. सकाळी मोरीच्या दारात विशाखा बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "हिला एकटीलाच हळद हाय म्हणून टोचत्यात की. सगळ्यांस्नी लावू." आणि तिनं वर्षाची हळद काढली! दाजी, कोंबडीला हळद लावणं सोपं नाही. एकीला धरलं की दुसरी निसटायची, आणि कोंबड्यानं तर माझ्या बनियनची चाळण केली. भिंतीवरून गिरिजाबाई डोकावल्या, "अय्यो, कुणाची हळद हाय वो? आमाला बोलावनं न्हाय ते?" त्यांना खरं सांगितलं तर त्या जास्तच रुसल्या.

सगळ्या पिवळ्या झाल्यावर हिला मध्ये सोडली. मुकादमीण समोर येऊन थांबली. एका डोळ्यानं पाहिलं, मान वळवून दुसऱ्यानं पाहिलं. मी केरसुणी घेऊन उभा, विशाखानं माझं मनगट आवळलेलं. ही जागची हलेना. आता ही गेली, असंच मला वाटलं. मुकादमिणीनं चोच उचलली, आणि हिच्या पायाशी पडलेला ज्वारीचा दाणा टिपला. मग दुसरा टिपला. मग हीसुद्धा टिपायला लागली. थोड्या वेळानं सगळ्या मिळून उकिरडा उकरायला गेल्या, ही लंगडत त्यांच्या मागे. विशाखा म्हणाली, "घेतली बाई," आणि तिनं डोळे पुसले, तर हातची हळद डोळ्यांत गेली, म्हणून ती अजून रडतेच आहे.

आक्काला जय भीम सांगा. रविवारी नक्की या, आम्ही वाट पाहतो.

तुमचा,
प्रदीप

ता. क. रविवारी जेवायला भरलं वांगं, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आहे. तुमची कोंबडी करणारच होतो, पण सगळ्या पिवळ्या झाल्यामुळे ती नेमकी कुठली हे आता ओळखू येत नाही. लंगडण्यावरून ओळखा म्हणाल, तर सकाळच्या पळापळीत आणखी दोघी लंगडायला लागल्यात.

आणखी एक. वरचं खोटं आहे. मी पायरीवर बसून लिहितोय आणि ती सगळ्यांना सोडून माझ्या पायावर येऊन बसलीय. दाजी, ही मी तुम्हाला देऊ शकत नाही. तुम्हाला नाही म्हणायची माझी पहिलीच वेळ आहे. रागावलात तरी चालेल, पण या.

शेवटचं. वाटलेला मसाला तसाच आहे. येताना मोहोळमधून किलोभर ब्रॉयलर आणा. ज्या कोंबडीशी ओळख नाही, तिच्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. फक्त पिशवी घेऊन अंगणातून येऊ नका, मागच्या दारानं या.