सगळ्यांसमोर धरलेला हात

मॉरिशस, मंगळवार, संध्याकाळ

लेकीनं आम्हा दोघांला या बेटावर फिरायला धाडलं. डोंगरापासून समुद्रापर्यंत नुसतं हिरवं हाय, तरी मालकांचं एकच, "म्हशीला वैरण टाकली असंल का?" मी वैतागले. म्हणलं, "बसा म्हशीला आठवत," अन् एकटीच पाण्यात शिरले. लाटेनं पाय सटकला, तर मागून कुणीतरी हात धरला. मालकच! चपलांसकट पळत आलेले. आमच्या मुखेडच्या बाजारात हा माणूस कधी माझ्या बरोबरीनं चालला न्हाई, अन् इथं हात सोडीना.

"सोडा, लोक बघून राहिलेत."

"बघू दे. कोण वळखतंय?"

तेवढ्यात बाजूची म्हातारी मराठीत म्हणली, "घट्ट धरा हो!" इथं पिढ्यान् पिढ्या मराठी माणसं हायत, हे आम्हाला कुठं ठाऊक? मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं. वाटलं, आता सोडतेत. सोडला न्हाई. मग मी मुद्दाम अजून आत गेले.