आठ फिरते दवाखाने आणि मी

३ तारीख, सोमवार. सकाळी सव्वादहा.
फिरत्या दवाखान्यांचं ऑडिट अखेर माझ्याकडे आलं. कागदावर आठ गाड्या. वस्त्यावस्त्यांवर जाऊन औषधं देतात. खरंच देतात का, हे बघणारा मी. संकल्प : कुणाचीही भीडभाड ठेवायची नाही. त्यांचा चहासुद्धा घ्यायचा नाही.
मदतीला नवी ज्युनिअर. सारखी टोचते म्हणून ऑफिसात तिला टाचणी म्हणतात. घडवावी लागेल.

४ तारीख.
उद्या गॅरेजवर अचानक धाड. गेट बंद असायला नको म्हणून तिथल्या अधीक्षकांना फोन करून ठेवला. बोलण्यावरून सज्जन वाटले.

५ तारीख.
धाड यशस्वी. पुढच्या आवारात चार गाड्या. मोजल्या. मग अधीक्षकांनी केबिनमध्ये बसवलं. चहा घेतला, पण बिनसाखरेचा. तो धरायचा नसतो. अर्ध्या तासाने मागच्या आवारात उरलेल्या चार. एकूण आठ. नंबरप्लेटचा रंग बोटाला लागला, इतका ताजा. देखभाल वाखाणण्यासारखी.
टाचणी मात्र पुढच्या गाड्यांच्या टायरवर खडूने फुल्या मारत बसली होती. एवढी शिकली, पोरकटपणा गेला नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
मागच्या गाड्यांच्या टायरवरही फुल्या होत्या, असं टाचणी म्हणते. मी म्हटलं, तूच मारल्या असशील. तर म्हणे, सर, मी मागे तुमच्याबरोबरच पहिल्यांदा गेले. विचार करण्यासारखं आहे. उद्या करीन.

६ तारीख.
डोकं जड. विचार उद्यावर. लॉगबुकं चाळली. गाड्या एकही दिवस चुकलेल्या नाहीत. याला म्हणतात कर्तव्यनिष्ठा. टाचणीने विचारलं, सर, एकतीस जून कुठल्या वर्षी असतो? या मुलीला मोठं चित्र दिसतच नाही.

१३ तारीख, गुरुवार.
वस्तीवर मीच जाणार होतो, पण नवे बूट चावतात. टाचणी गेली. धुळीने माखून परत आली. तिथे एक मधुमेही आजी दर गुरुवारी बाकावर बसून गाडीची वाट बघते. पाच महिने गाडी नाही. पायाची जखम काळी पडलीय. टाचणीने डबा उघडला नाही. मी समजावलं, ऑडिटरने भावना मध्ये आणू नयेत.
घरी हिला सांगितलं. हिने विचारलं, मग तुम्ही काय लिहिणार? ‘सुधारणेस वाव आहे’, मी म्हटलं. भांडी जरा जोरात घासली गेली.

१७ तारीख.
टाचणीचा अहवाल आला. गाड्या चारच. त्याच पुढून मागे नेल्या. वस्तीवर एकही जात नाही. खाली माझी सही हवी. करणारच आहे. पण अधीक्षकांना वाईट वाटेल. फाइल अभ्यासासाठी खणात ठेवली.

२४ तारीख.
अभ्यास चालू.

२७ तारीख.
मोठ्या साहेबांनी बोलावलं. टाचणीने दुसरी प्रत थेट त्यांच्याकडे नेलेली, टायरच्या फोटोंसकट. साहेबांनी विचारलं, खडूची कल्पना कुणाची? आमच्या टीमची, मी म्हटलं. मग सही का नाही? पेन संपलं होतं, असं तोंडातून निघून गेलं. दहा दिवस? असं विचारून त्यांनी स्वतःचं पेन पुढे केलं. सही केली. फार वळणदार आली.

१६ तारीख, पुढचा महिना.
अधीक्षक निलंबित. चारही गाड्या रोज धावतात. शेवटी माझा कडकपणाच कामी आला. उद्या वस्तीवर जाणार. लोकांना आभार मानायचे असतील. चार मिनिटांचं भाषण तयार आहे. शर्ट इस्त्रीला दिला.

१७ तारीख, गुरुवार.
गाडी आली होती. मोठी रांग. मी पुढे गेलो तर एक बाई म्हणाल्या, काका, लाइन तिकडे. बाकावर पायाला स्वच्छ पट्टी बांधलेली आजी होती. तिला खडूच्या फुल्यांसकट ऑडिट समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, त्या खडूवाल्या बाई नाही आल्या? त्यांना सांगा, आता बरं आहे.
भाषण राहिलं. रांगेत शिरल्यावर निघणं बरं दिसेना, म्हणून बीपी तपासून घ्यायचं ठरवलं. नंबर एकेचाळिसावा. नर्सने नाव विचारलं, वय विचारलं, काम काय करता विचारलं. मी सांगितलं, सरकारी खात्यांना जाब विचारतो, त्यांनी केलं म्हटलेलं खरंच केलं का हे डोळ्यांत तेल घालून बघतो. मागचे लोक चुळबुळ करायला लागले.
तिने रजिस्टरात ‘नोकरी’ लिहिलं आणि बाही वर करायला सांगितली.