पडद्यामागची सुंदराआत्या

२० एप्रिल, सोमवार
कालच्या नोंदीत दुरुस्ती. मुरबाडच्या हळदीत सुंदराआत्या धवले गायली, असं लिहिलं. ते खोटं. आत्या इकडे किन्हवलीत गुडघ्याला तेल चोळत बसली होती. पडद्यामागे स्पीकर होता. माझ्या नालायक चुलतभावाने, प्रणयने, तिचा आवाज AI वर बनवला आणि यजमानांना सांगितलं, आत्याला गर्दी सोसत नाय, आत बसून गातेय. बायकांनी पडद्याला कुंकू लावलं. मीही लावलं.
सातव्या वर्षापासून लग्नाची ही गाणी आत्याकडून शिकले. तिच्यानंतर मांडवात गाणार मी. स्पीकर नाही.

२१ एप्रिल
मोबाईलवर कायदा वाचला. बनावट आवाज खरा म्हणून खपवून फसवलं, तर गुन्हा होऊ शकतो. वहीत 'होतोच' लिहिलं. मग खोडलं. गुरुवारी शहापूरला तक्रार. ठरलं.

२३ एप्रिल, गुरुवार
एसटी आली नाही. दुरुस्ती: आली. गर्दी होती, अर्ज चुरगळला असता.

२५ एप्रिल
प्रणयला तोंडावर सांगितलं, तुरुंगात जाशील. हसला. म्हणे ताई, आत्यानेच तीन दुपारी बसून आवाज दिलाय. आत्याला विचारलं. ती म्हणाली, दिला गो, आता मांडवात बसण्यातून माजे गुडगे सुटले. तू का तोंड पाडून फिरतेस? म्हातारी दबावाखाली आहे. तसं दिसत नाही, भाकरी जास्तच खाते. पण असणार.

२९ एप्रिल, सकाळी ११
शहापूर. वकीलबाई म्हणाल्या, जिचा आवाज तिची परवानगी आहे; फसले ते यजमान, त्यांना तक्रार करू दे. मी म्हटलं, आधी ऐका तरी. दोन गाणी लावली, एक स्पीकरचं, एक माझं. कोणतं कोणाचं ते सांगितलं नाही. बाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि माझं गाणं बनावट ठरवलं. म्हणाल्या, लगेच कळतं, यात जीव नाही.
त्यांचा पंखा फार आवाज करतो.

३ मे, रविवार
प्रणयने स्पीकरवर चिठ्ठी चिकटवली: 'आवाज AI चा, आत्याच्या परवानगीने.' टोकावड्याच्या मांडवात बायकांनी ती वाचली आणि थेट स्पीकरलाच कुंकू लावलं. मी नवरीच्या आईला विचारलं, खरी गाणारी समोर आहे, गाऊ का? ती म्हणाली, बस गो बाय, दमली असशील, सरबत घे.
चिठ्ठीतली अक्षरं बारीक आहेत. हा मुद्दा अर्जात घालायचा.

८ मे
रविवारी अधिक महिन्याआधीचं शेवटचं लग्न, आणि प्रणयची कल्याणला परीक्षा. आत्या म्हणाली, स्पीकर तू ने. कुठला धवला कवा लावायचा ते तुज्याएवढं कोणाला कळतंय? फक्त मधेच गाऊ नको.
हो म्हटलं. पुरावा जवळून तपासता येईल.

१० मे, रविवार
बटण बावीस वेळा दाबलं. एकही विधी चुकला नाही. गाणारणीचा मान म्हणून मला लुगडं आणि नारळ मिळाला. दोन्ही पुरावा आहेत. नारळ फोडला, नासला असता.
तक्रार उद्याच देणार होते. पण उद्या तिथेच हळद उतरवायची आहे, आणि त्यांनी बोलावताना माझं नाव घेऊन बोलावलंय.
म्हणून तक्रार परवा. मंगळवार, १२ मे.