माझ्या नावानं गेलेली मेल

बुलढाणा, गुरुवार, संध्याकाळ

संताप आवरत नाही. सकाळी एका जुन्या सहकारी बाईंच्या नावानं मेलवर लग्नपत्रिका आली. दारात आलेली पत्रिका कोणी न उघडता ठेवतं का? उघडली. पत्रिका कसली, व्हायरस होता तो! दुपारपर्यंत तीच मेल माझ्या नावानं माझ्या साऱ्या जुन्या विद्यार्थ्यांकडे गेली.

सोनाळ्याहून माझी जुनी विद्यार्थिनी सुनंदा, तिचा फोन आला. तिचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. कॉम्प्युटर बंद पडलाय, गावातल्या मुलींचे अर्ज आत अडकलेत, आणि परवा शेवटची तारीख.

"न विचारता उघडलीस कशी?" मी डाफरले.

"मॅडम, तुमचं नाव होतं. तुम्हाले काऊन म्हणून इचाराची आमची हिंमत होती का कधी?"

नव्हती. 'काऊन', म्हणजे 'का', म्हणणाऱ्याला मी वर्षानुवर्षं बाकावर उभं केलं. लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर मला करायच्या, तसंच. तुमचं नाव होतं, म्हणाली.

उद्या सोनाळ्याला जाऊन तिच्यासोबत अर्ज पुन्हा भरायचे. आज यादी घेऊन एकेकाला फोन केला. "माझ्या नावानं आलेलं काही उघडू नकोस."

देऊळघाटच्या रमेशनं चाचरत विचारलं, "काऊन, मॅडम?"

"शाबास," म्हटलं, आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.