वधूच्या हातचं तोरण

मंगळवार, दिवेलागण.

डोकं तापलंय. नातीच्या रुखवतात मांडायला क्रोशाचं तोरण विणलं मी, डोळे फोडले माझे, आणि सुनेने त्यावर चिठ्ठी लावली, 'वधूच्या हातचे'. वधूचे हात! इंचभर चिकटवलेली नखं, वर चमकी. त्या नखांनी साधा लसूण सोलवत नाही.

आज उरणहून नातीची होणारी सासू आली. तोरण हातात घेऊन म्हणाली, "प्राजक्ता, काय सुरेख गं! मीपण अस्संच विणते, माझ्या दोन सुया हातातून सुटतच नाहीत. लग्न झालं की आपण दोघी मिळून देवघराला करू."

पोरगी पांढरीफटक. बाई गेल्याबरोबर माझ्यापाशी येऊन बसली. "आजी, शिकव ना. नाहीतर सगळं उघडं पडेल गं."

"आधी नखं काप."

"अगं, लग्नासाठी लावलीत!"

"मग सासूला नखंच दाखव."

रडत आत गेली. जाऊ दे. मायलेकींना नुसती मिरवायची हौस.

पण दोन सुया? क्रोशाला एकच लागते, आकड्याची. म्हणजे त्या बाईने जन्मात तोरण विणलेलं नाय. एवढं मोठ्याने बोलली, तरी मायलेकींपैकी एकीलाही कळलं नाय! सासू-सुनेचं छान जमणार. दोघी सारख्याच थापाड्या.

सांगू का पोरीला? नाय सांगितलं तर रात्रभर घाबरेल उगाच.

आतून टकटक आवाज येतोय. नखं कापतेय वाटतं.

सांगेन. दहाही कापून होऊ देत.