सायलेन्सरच्या कडेने नेलेला पाइप

रविवार, ७ जानेवारी

धावली! गाडीची तेलावरची आजवरची सगळ्यात लांब फेरी – जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, आणि त्यातले सत्तर निव्वळ खाद्यतेलावर. डिझेल फक्त चालू करताना आणि बंद करायच्या आधी. चढावर दुसऱ्या गिअरला जरा घरघरली. पण ती डिझेलवरही घरघरते – एकवीस वर्षांची आहे, तेवढा हक्क आहे तिला.

तेल जाऊबाईंच्या उपाहारगृहातलं. बटाट्याचे काप तळून तळून काळं झालं की त्या डबे भरून ठेवतात. मी आठवडाभर निवळू देते, वरचं वरचं घेते, दोनदा गाळते, मग तापवून पाणी घालवते. खात्रीसाठी तापल्या तव्यावर एक थेंब. तडतडला तर अजून पाणी आहे. गप्प बसला तर गाडीला चालतो. जाऊबाई म्हणाल्या, "घरच्या भाजीला कधी एवढं जपलं नाहीस!" खरं आहे.

नवऱ्याचं म्हणणं, माझ्या गाडीमागे स्कूटर चालवली की त्याला भूक लागते.

थंडीत काय करणार, असं सगळे विचारत होते. तेल गारठलं की घट्ट होतं, पाइपातून सरकत नाही. तर मी तेलाचा पाइप सायलेन्सरच्या नळीला लगटून नेलाय. फुकटची ऊब! आज सकाळी बोटं आखडत होती, आणि तेल पाण्यासारखं वाहत होतं. कुणी शिकवलं नाही. माझ्याच डोक्यातून निघालं.

मंगळवार, ९ जानेवारी

सव्वीस गाड्या खालून पाहिल्या. नऊ नापास. एक ट्रकवाला म्हणाला, "बाई, चष्म्याचा नंबर वाढलाय का?" मी म्हटलं, "तुमच्या ब्रेकची झिजलेली पट्टी चष्म्याशिवायही दिसतेय."

रविवारी तेलावरच्या गाड्या घेऊन जमतो, त्या मंडळींना मी "सरकारी ऑफिसात आहे" एवढंच सांगितलंय. वाहन तपासणीत आहे म्हटलं की माणसं बोलायची बंद होतात, आणि मला तर त्यांच्या गप्पाच हव्यात. शिवाय दुसरं एक आहे – माझ्या गाडीतली तेलाची टाकी अजून कागदावर चढवलेली नाही. इंधनाच्या रचनेत बदल केला की नोंद करायची, असा नियम. करेन की. घाई काय आहे? गाडी बरोबर आहे की नाही हे सांगायचाच तर मला पगार मिळतो.

रविवार, २१ जानेवारी

काकांच्या गॅरेजमागच्या मोकळ्या जागेत आज सहा गाड्या, सहा उघडी बॉनेटं, चहाचा एक थर्मास. काका डिझेलचे पंप दुरुस्त करतात, चाळीस वर्षं. बोलतात कमी.

मास्तर वही घेऊन आले होते. शाळेतून निवृत्त झाले, वहीतून नाही. "तेलावर चालवली तर इंजिन ऑइल किती दिवसांनी बदलायचं?" निम्म्या मुदतीत, मी सांगितलं, आणि ऑइल मोजायच्या काडीला लागलेलं ऑइल चिकट वाटलं तर त्याच दिवशी. "माझ्या गाडीला चालेल?" नाही चालणार. तुमची नवी आहे, तिचा पंप नाजूक, महिन्याभरात अडकेल. चेहरा पडला त्यांचा. मग म्हणाले, मेव्हण्याची जुनी जीप आणतो!

बेकरीवाली व्हॅन घेऊन आली होती. तिशीची असेल. पहाटेपासून पाव पोचवते आणि तरी इथे येऊन हसत असते. थंडीत तिची व्हॅन अडते. तिला गाडीखाली घेऊन गेले आणि पाइप कुठून न्यायचा ते खडूनं आखून दिलं. मग दुसऱ्यानं विचारलं, मग तिसऱ्यानं. तासाभरात मी चार गाड्यांखाली झोपून आले. पाठ गेली, पण मजा आली!

काका बघत होते. मी विचारलं, "काय काका, बरोबर ना?" म्हणाले, "हं."

शुक्रवार, २ फेब्रुवारी

सातवा पाइप बसला – मास्तरांच्या मेव्हण्याचा. मला आता "पाइपवाल्या बाई" म्हणतात.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

क्रमानं लिहिते.

अकराच्या सुमाराला मी तपासणीच्या खड्ड्यात होते. वर व्हॅन आली. बूट ओळखीचे वाटले, आवाज तर ओळखीचाच. बेकरीवाली. मी दचकले. ती नाही दचकली! वाकून खाली बघितलं आणि म्हणाली, "बघा ताई, तुम्ही सांगितलं तस्साच बसवलाय." कागद पुढे केले. दुसऱ्या टाकीची नोंद केलेली. शिक्क्यासकट! माझी नाही, तिची आहे.

टॉर्च मारला. पाइप सायलेन्सरच्या कडेने, मी आखलेल्या रेषेवरून. आणि रबर कडक झालेलं. मधल्या क्लिपपाशी घासून घासून इतकं पातळ, की आतलं जाळं दिसत होतं. बोटानं दाबलं. बोट तेलकट झालं. बोटभर अंतरावर चटका बसेल इतकी तापलेली नळी. आणि बरोबर वर – हे बाहेर आल्यावर दिसलं – मागच्या सीटवर, पावाच्या ट्रेशेजारी तिच्या लहान मुलीची बसायची गादी.

मला ऊब दिसली होती. ऊब देणारी वस्तू रबर भाजतेही, हे दिसलं नव्हतं. मला! जी रोज लोकांचे पाइप बघते!

बाहेर आले. म्हटलं, "नापास. आणि गाडी चालवत न्यायची नाही, ओढून न्या."

"पण ताई, हे तर तुम्हीच–"

"हो. मीच. चूक माझी आहे."

 मागे पाच गाड्या, हॉर्न सुरू. मी फॉर्मवर कारण लिहिलं, सही केली. मग पुढची गाडी खड्ड्यावर घेतली.

संध्याकाळी घरी. माझ्या गाडीखाली गेले. माझा पाइप तर तिच्याहून जुना, नोव्हेंबरचा. क्लिपपाशी ओल. म्हणजे मी तीन महिने जाऊबाईंना, नवऱ्याला, सगळ्यांना यात बसवून हिंडवत होते.

पाइप तिथल्या तिथे कापून टाकला. मग फोन. सातांपैकी पाच मिळाले, बेकरीवालीची तर सकाळीच थांबवलीय. तेलाची टाकी बंद करा, पाइप काढा, तोवर गाडी हलवू नका. जीपसाठी मास्तरांनाही केला; ते दोनदा म्हणाले, "म्हणजे नक्की काय होऊ शकतं?" मी सांगितलं. आग. सातवा फोन जीप चालवतो त्या मेव्हण्याचा. तासाभरानं लागला.

आणि काका! त्यांना मी पाइप आखून दिला नव्हता, पण त्यांची स्टेशन वॅगनही तेलावरच. माझं बघून त्यांनी बदलला असला तर? फोन बंद. शेजारीण म्हणाली, "दोघं लेकीकडे गेलेत, उद्या दहाला निघणार." लेक नव्वद किलोमीटरवर, सगळा घाटाचा रस्ता.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

रजा टाकली. सहाची बस. साडेनऊला लेकीच्या दारात. काका डिकीत बॅगा ठेवत होते, काकू पुढच्या सीटवर बसूनसुद्धा झालेल्या.

मी नमस्कारही केला नाही. सरळ रस्त्यावर आडवी झाले आणि गाडीखाली बघितलं.

पाइप दुसऱ्या बाजूनं होता. सायलेन्सरपासून दूर, लोखंडी नळीत घातलेला, वर जुन्या घोंगडीची पट्टी गुंडाळलेली. कोरडा ठणठणीत.

उठले तेव्हा साडीला अर्धा रस्ता चिकटला होता. काकू हसायला लागल्या, मग माझा चेहरा बघून थांबल्या. मी सगळं सांगितलं. 

मग मी विचारलं, "तुमचा असा का?"

"सवय. रबर तापत्या वस्तूपाशी न्यायचं नाही. पहिल्या वर्षी शिकलो होतो."

"आणि गप्प बसलात? मी विचारलं तुम्हाला! सगळ्यांसमोर विचारलं!"

भांडायच्या आवाजात म्हणाले होते मी. लेक बाहेर आली. काकांनी टोपी काढली, परत घातली. "वाटलं, आता नवीन काही निघालं असेल. तुम्हाला माहीत असेल. तुम्ही तपासणीवाल्या."

"ते तुम्हाला कसं माहीत?"

"आम्हाला सगळ्यांना माहीत आहे की," काकू म्हणाल्या. "तुम्ही यांचा टेम्पो सहा वर्षांमागे दोनदा परत पाठवलात. हे घरी येऊन म्हणाले, बाई कडक आहे पण नजर बरोबर आहे."

काका म्हणाले, "तुम्हाला सांगायचं नाहीसं दिसलं, म्हणून कुणी बोललं नाही. पण पाइप त्यांनी तुम्ही आखला म्हणून नेला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मला विचारायला आले असते. मी बोलायला हवं होतं. चुकलं माझं."

माझंही, मी म्हटलं.

त्यांनीच आणून सोडलं. मला पुढे बसवून काकू घाटात मागे गाढ झोपल्या होत्या. मी वाटभर एकच हिशेब करत होते – मी ऑफिसाचं नाव लपवलं, आणि तरी प्रत्येक पाइपावर माझा शिक्का होताच.

रविवार, १८ फेब्रुवारी

सगळ्यांसमोर उभी राहिले. कुठे काम करते, काय चुकलं, माझ्या टाकीची नोंद नाही – सगळं. कापलेला पाइप हातोहात फिरवला.

मास्तर चिडले. वही मिटून म्हणाले, "माझी बहीण बसते त्या जीपमध्ये."  बेकरीवाली म्हणाली, "तीन दिवस पाव सायकलवर जातायत," आणि चहा न घेता निघून गेली. काकांनी मात्र आज पाऊण तास भाषण केलं – पाइप, नळ्या, अंतर, सगळं. चाळीस वर्षांचं साठलेलं. लोक गाड्यांखाली गेले. मला कुणी बोलावलं नाही.

बरं वाटलं, खरं सांगायचं तर. झोप लागेल आज.

मंगळवार, २० फेब्रुवारी

दोन पानी निवेदन लिहून साहेबांपुढे ठेवलं. विनानोंद बदल, स्वतःच्या गाडीत. इतरांना चुकीचा सल्ला, पदावर असताना.

"कुणाची तक्रार आहे?"

"नाही."

"आग लागली कुठे?"

"नाही."

"मग हे कशाला?" फाडायलाच निघाले होते.

"एक प्रत आवक विभागात दिलीय, साहेब. शिक्का घेतलाय."

त्यांनी डोक्याला हात लावला. मी परत खड्ड्यात गेले. दुपारपर्यंत चौदा गाड्या. पाच नापास. 

मंगळवार, २७ फेब्रुवारी

आदेश आला. चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबित. टॉर्च आणि शिक्का जमा केला, पोच घेतली, साडेअकराला घरी. एकोणीस वर्षांत या वेळेला घर कसं दिसतं ते ठाऊकच नव्हतं. ऊन थेट ओट्यापर्यंत येतं.

चारला बेल वाजली. बेकरीवाली. हातात लोखंडी नळी, खांद्यावर नव्या पाइपाचं भेंडोळं, पाठीमागे दोर बांधून ओढत आणलेली व्हॅन. कळलं होतं तिला, पण त्याबद्दल एक शब्द नाही. म्हणाली, "ताई, आता कुठून न्यायचा?"

मी म्हटलं, "तू आख. मी खडू देते, आणि जिथे पटणार नाही तिथे भांडते."

"चालेल," म्हणाली, आणि व्हॅनखाली शिरली.